सोमवारचा प्रश्न

माझा परिचय मी आजवर तीस-चाळीस वेळा तरी लिहिला असेल. परिषदवाले मागतात, समितीवाले मागतात, कुणाच्या पुस्तकात एखादं प्रकरण छापायचं तरी मागतात. शंभर शब्दांत स्वतःला कोंबायचं. डॉ. कालिंदी घाडी. परळच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात पदवी. पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी., विद्यापीठात पहिली. गिरण्यांतली कापसाची धूळ आणि कामगारांचं आरोग्य या विषयावर पीएच. डी., प्रबंधाला सुवर्णपदक. सध्या हवेच्या प्रदूषणावर काम करणाऱ्या संस्थेत वरिष्ठ संशोधक. यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि तरी हल्ली हे लिहायला बसले की माझं डोकं फिरतं.

या परिचयात एक गोष्ट मी कधीच लिहीत नसे, ती म्हणजे मी गिरणी कामगाराची मुलगी आहे. लाज वाटायची म्हणून नव्हे. चीड यायची म्हणून. चहाच्या सुट्टीत कुणी ‘अरे वा, लालबागच्या चाळीतून इथवर!’ असं म्हटलं की त्याच्या कपात मीठ घालावंसं वाटे. एकदाच लिहिलं, तेही बाबांच्या गिरणीतल्या दत्तूकाकांच्या हट्टाखातर. त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

माझे बाबा, तुळशीदास घाडी, लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. म्हणजे जिथे कापूस विंचरतात तिथे. त्या खात्यातून माणूस बाहेर आला की त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. संपात काय, सगळेच वार सुट्टीचे. बाबा आणि त्यांच्याच खात्यातले दत्तूकाका दिवसभर गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे असायचे आणि आज तोडगा निघेल, उद्या निघेल म्हणायचे. तोडगा निघाला नाही आणि आमची गिरणी पुन्हा उघडली नाही. बाबा वरळीला एका ऑफिसात वॉचमन लागले, आणि मग त्यांची सुट्टी सगळ्या जगासारखी रविवारी यायला लागली. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

संपाच्या आधीचे मला आठवतात ते शुक्रवार. त्या वर्षांत अर्धी चाळ शुक्रवारचं व्रत करायची. आंबट खायचं नाही, संध्याकाळी गूळ-चणे. माझी आई शेवंतीही करायची. बाबा पहिली पाळी करून घरी यायचे, तीन मजल्यांत तीनदा थांबायचे, आणि आत पाऊल टाकलं की आई त्यांच्या हातावर गुळाचा लिंबाएवढा खडा ठेवायची. मला मात्र चणे आणि गुळाचा चुरा. मग मी त्यांच्या मांडीवर चढायची आणि त्यांच्या हातातला खडा अर्धा चावून घ्यायची. ते हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. प्रसाद सगळ्यांना सारखा का नाही, यावरून मी आईशी भांडलेसुद्धा आहे.

पुढे शिकले. हुशार होते, आणि हट्टी त्याहून जास्त. पीएच. डी.साठी विषय निवडताना मी धूळच निवडली. माझे मार्गदर्शक आगटे सर गिरगावातले. घरात दोन पिढ्या कारकुनीच्या, तिसऱ्या पिढीत हे प्राध्यापक. माणूस सज्जन, अभ्यास दांडगा, फक्त गिरणी त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. लहानपणी पहाटे लांबून भोंगा ऐकू आला की छान वाटायचं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची एक खूण आहे. विडीने छाती गेली असेल तर ती रोज सारखीच गेलेली असते. धुळीने गेलेली छाती सुट्टीच्या दिवशी जरा मोकळी होते आणि सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी गच्च भरून येते. आठवडा सरता सरता शरीर निर्ढावतं. सुरुवातीच्या वर्षांत ही खूण स्पष्ट असते आणि माणसाच्या लक्षात राहते. सरांनी मला एक नावाजलेली परदेशी प्रश्नावली दिली. तिचा पहिलाच प्रश्न होता, सोमवारी कामावर गेल्यावर छातीत भरून येतं का, किंवा यायचं का? मी सगळ्याचं नीट मराठी केलं. सोमवारचा सोमवारच ठेवला.

मी दोन गिरण्या घेतल्या. एक शिवडीकडची, तेव्हा अजून रडतखडत चालू असलेली. दुसरी आमची, बंद पडून सोळा वर्षं झालेली. आमच्या गिरणीतले कार्डिंगचे एकशे वीस जण मला लालबाग, काळाचौकी, परळ इथल्या चाळींतून सापडले, आणि ते बाबांनी शोधून दिले. काळाचौकीच्या एका मंडळाची खोली मिळाली होती. मी टेबलामागे, हातात पेन, समोर फॉर्मांचा गठ्ठा. एकेक जण इस्त्रीचा शर्ट घालून येत होता, जसा काही लग्नालाच आलाय.

बाबांनी आधी घरोघर जाऊन प्रत्येकाला बजावलं होतं, हे मला तेव्हा माहीत होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. “पोरीची परीक्षा आसा. ती इचारीत तितक्याचाच उत्तर द्या. उगाच फाटे फोडू नकात.” गिरणीत वीस-वीस वर्षं जॉबर आणि मॅनेजरसमोर उभी राहिलेली माणसं ती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांना शिकवायला नको होतं.

दत्तूकाका आले. मी विचारलं, “सोमवारी छातीत भरून यायचं?”

“सोमवारी काय नाय गो. पण काय व्हायचं...”

“काका, हो की नाही तेवढंच सांगा. तीच पद्धत आहे.”

“मग नाय लिव,” ते म्हणाले आणि मागे बाबांकडे बघून हसले, की बघ, फाटा फोडला नाही.

बाबा सगळ्यात शेवटी बसले. गळ्याशी बटण लावलेलं, हात मांडीवर. सोमवारच्या प्रश्नाला त्यांनी एकदम स्वच्छ पुस्तकी “नाही” म्हटलं. मी फुली मारली.

शिवडीच्या गिरणीत शंभरांत एकेचाळीस जण ‘हो’ म्हणाले. आमच्या गिरणीत शंभरांत चार. आता असा फरक दिसला की संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटतं. मी कारण शोधायला लागले आणि मला ते सापडलं. आमच्या गिरणीने अठ्ठ्याहत्तर साली कार्डिंगमध्ये धूळ ओढून घेणारे नवे पंखे बसवले होते. त्या पंख्यांवर मी सोळा पानं लिहिली. आमच्या लोकांची फुप्फुसं कमजोर होती हे श्वासाच्या चाचणीत दिसत होतं, म्हणून पुढे असंही लिहिलं की या गटात श्वसनविकाराचं मुख्य कारण विडी आणि तंबाखू असावं. बाबा विडी ओढायचे ती शिमग्याला गावी गेले की, तीही भावाच्या आग्रहाने. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण एका माणसाने आकडा बनत नाही, असं मला शिकवलेलं होतं. आणि मी फार चांगली विद्यार्थिनी होते.

सुवर्णपदक मिळालं. त्या सोळा पानांचा शोधनिबंध झाला, शोधनिबंधावर नोकरी लागली. बाबांनी पेढे वाटले. तळमजल्यापर्यंत उतरून परत चढायचा दम नव्हता, म्हणून वरूनच एकेकाला नावाने हाका मारून वर बोलावलं.

दोन हजार सातमध्ये सरकारची एक समिती आली. धुळीने आजारी झालेल्या कामगारांची नोंद करायची, आणि नोंद झाली की कामगारांच्या इस्पितळात मरेपर्यंत औषधपाणी. नोंद नाही, तर ज्याचं त्याने बघावं. तोवर बाबांची अवस्था अशी होती की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक स्टूल कायमचं ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की घरी ऑक्सिजन लागेल, आज नाही तर सहा महिन्यांनी. आमच्या गिरणीतले तशाच दशेतले एकसष्ट जण उरले होते. दत्तूकाकांनी सगळ्यांचे अर्ज भरले. गिरणी नव्हती, पण कंपनी होती, कारण जमीन होती. कंपनीने वकील दिला. एकदा आजार गिरणीचा ठरला तर उद्या आणखी काय काय निघेल याची तिला धास्ती.

“आपल्या घरची डॉक्टर असताना बाहेरची कशाला?” दत्तूकाका म्हणाले. मी एकसष्टही जणांच्या श्वासाच्या चाचण्या घेतल्या. सगळ्यांचे निकाल वाईट होते, बाबांचा खालून तिसरा. तज्ज्ञ म्हणून प्रतिज्ञापत्र केलं, त्यात नेहमीचा परिचय घातला. दत्तूकाकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “ह्यात आमी कुठे आहोत? लिव ना, गिरणी कामगाराची मुलगी म्हणून. साहेबलोकांना कळू दे, आमच्यातलीच आहे.” मी नको म्हटलं. ते रुसले. शेवटी लिहिलं.

प्रबंधाची मला आठवण झाली नव्हती असं कसं म्हणू? झाली होती. पण मला वाटलं, चाचण्या बोलतील. आणि प्रबंध वाचतो कोण? माझ्या परीक्षकांनी तरी पूर्ण वाचला असेल का, याची मला शंका आहे.

वकिलाने वाचला होता. पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणला होता. सुनावणीच्या खोलीत पंख्याखाली तीन सदस्य, मागे बाकांवर आमचे एकसष्टांपैकी चाळीस-पंचेचाळीस. वकील तरुण, अतिशय नम्र. त्याने आधी माझा परिचय मोठ्याने वाचला, अगदी आदराने, सुवर्णपदकावर जरा थांबून. मग म्हणाला, “फुप्फुसं कमजोर आहेत, मान्य. प्रश्न इतकाच की कशाने. याचं उत्तर मॅडमनीच सात वर्षांपूर्वी दिलेलं आहे.” आणि माझी सोळा पानं त्याने समितीपुढे ठेवली.

“हे आपलंच ना?”

“हो.”

मग त्याने बाबांना पुढे बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. “तुळशीदासराव, गिरणीत असताना सोमवारी छाती भरून यायची का?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत पाठ केलेली कविता विसरली तर, या भीतीने मुलं बाईंकडे बघतात तसं. मग ताठ बसून म्हणाले, “नाही साहेब. सोमवारी नाही.” माझ्या पुस्तकात आहे तेच सांगायचं, माझा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मागून दत्तूकाका ओरडले, “अहो सोमवारचं काय लावलंय! आमची सुट्टी गुरुवारची होती! विजेसाठी प्रत्येक गिरणीला वार वाटून दिले होते. शुक्रवारी मरायचो आम्ही, शुक्रवारी!”

अध्यक्ष म्हणाले, “मध्ये बोलू नका. बसा.”

मी उभी होते. गुरुवारची सुट्टी. म्हणजे पहिला दिवस शुक्रवार. तीन मजल्यांत तीनदा थांबणं. शिवडीची गिरणी रविवारी बंद असायची, म्हणून तिथे एकेचाळीस. पंख्यांचा काही संबंध नव्हता. मी एकशे वीस माणसांना चुकीचा वार विचारला होता आणि ती माणसं माझ्यावरच्या मायेपोटी खरं उत्तर देऊन गप्प बसली होती. आणि एकाने तोंड उघडलं होतं, त्याला मीच गप्प केलं होतं.

मी समितीला हे सांगितलं. किती नीट सांगितलं कोण जाणे, माझा आवाज चढला होता. माझा प्रश्न चुकला, निष्कर्ष चुकला, मी तो मागे घेते, असं म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रतिज्ञापत्रातली ती ओळ बोटाने दाखवली. “मॅडम, राग मानू नका. ज्या वेळी हा अभ्यास केलात त्या वेळी तुम्ही संशोधक होतात. त्यावर मार्गदर्शकांची सही आहे, विद्यापीठाचं पदक आहे. आज तुमचे वडील अर्जदार आहेत आणि आज तुम्ही म्हणता की तो चूक. आम्ही कुणाचं धरावं?”

दुसऱ्या कुणाचं प्रकरण असतं तर मीही हाच प्रश्न विचारला असता.

घरी येऊन मी आईला विचारलं, शुक्रवारचा तो गूळ कसला होता. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “चणे देवीचे. गूळ तेंचो. धुळीर गूळ खातत, ह्या सगळ्या गिरणगावाक ठाऊक आसा. सुट्टीनंतर पयल्या दिवशी जास्तच लागायचो.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू इचारलंस कधी?” तिने मान वर केली नाही. “आणि अर्धो तर तूच खायचंस.”

नंतर जे जे सुचलं ते केलं. आगटे सरांकडे गिरगावात गेले. सर थकले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “कालिंदी, तो वार मी तपासायला हवा होता. पण प्रबंध आता मागे घेता येत नाही. पुढचा निबंध लिही, दुरुस्ती कर.” मी दुरुस्ती लिहिली. संपादकांनी विचारलं, नवी पाहणी कुठे आहे? नवी पाहणी करायला गेले तर एकशे वीसांपैकी बरेच वारले होते, काही गावी गेले होते. जे होते ते मला दारातच म्हणायचे, “शुक्रवार लिव, शुक्रवार.” बाबांनी पुन्हा घरोघर निरोप धाडला होता, या वेळी दुसरा. सगळ्यांना उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नाला शास्त्रात काडीची किंमत नाही. मी फॉर्म न भरताच परत आले.

गुरुवारच्या सुट्टीचा कागद शोधला. गिरणीचं ऑफिस पाडलं होतं, तिथे खड्डा होता आणि खड्ड्यात क्रेन. अखेर एका जुन्या मुकादमाच्या ट्रंकेत सुट्ट्यांचं छापील पत्रक सापडलं. समितीने ते ठेवून घेतलं आणि कळवलं की यावरून सुट्टीचा वार सिद्ध होतो, छातीचा आजार नाही.

निकाल दोन पानांचा होता. एकसष्टही अर्ज नामंजूर. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘डॉ. कालिंदी घाडी यांच्या सुवर्णपदकप्राप्त व सखोल अभ्यासाचा आधार घेता’. दत्तूकाकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा मी चाळीत गेले तेव्हा बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टुलावर बसले होते. दवाखान्यातून येत होते. मी खालच्या पायरीवर बसले. ते श्वास गोळा करत होते, मी वाट बघत होते. मी शास्त्रज्ञ आहे, हवेतल्या धुळीचा कण किती मायक्रॉनचा ते मी सांगू शकते, आणि माझ्या बापाच्या छातीत हवा जात नव्हती आणि मला तिथे नुसतं बसता येत होतं.

श्वास जरा बसल्यावर ते म्हणाले, “कालिंदी, एक इचारू?”

“विचारा ना, बाबा.”

“तेव्हा तू माका सोमवारचा इचारलंस. मी नाय म्हटलंय. मी खोटा तर बोलूक नाय ना गो?”

“नाही बाबा. तुम्ही खरंच सांगितलंत.”

“मगे तुझे मार्क तर कापूक नायत ना कोणी? पास झालंस ना तू?”

“झाले,” मी म्हटलं. “पहिली आले.”

त्यांनी समाधानाने मान हलवली, कठडा धरला, आणि उरलेल्या पायऱ्या चढायला उठले.